कागदाची ओढ

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला, की जयपूरच्या आकाशाचा रंग बदलू लागतो. परकोट्याच्या आतील जुन्या शहरात गच्चीला गच्ची भिडलेली असल्यामुळे १४ जानेवारीला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सारे नगरच जणू छपरांवर राहावयास जाते. हांडीपुऱ्याच्या बाजारात पतंगांची दुकाने आठवडे आधीच गजबजतात. परकोट्याबाहेर, अजमेर रस्त्याच्या बाजूला असलेल्या सिव्हिल लाइन्स भागात राज्यपालांचे व मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान, मोठ्या आवारांचे बंगले आणि जुने वृक्ष आहेत. तेथे एरवी नांदणारी सरकारी शांतताही या दिवसांत टिकत नाही. महाराष्ट्रातून नोकरीच्या निमित्ताने या गावी आलेल्या कुटुंबांना संक्रांत माहीत असते ती तिळगुळाची आणि हळदीकुंकवाची. येथे ती प्रथम कागदाची आणि कामट्यांची असते, हे त्यांच्या मुलांच्या ध्यानात एका वर्षातच येते.

ज्या मुलाच्या हाती एकदा पतंगी कागद आला, त्याच्या मनात पुढेमागे विमान येतेच. पतंग आणि कागदाने मढविलेले छोटे विमान ही एकाच कुळातील भावंडे होत. दोघांचा सांगाडा हलका, दोघांची कातडी कागदाची. परंतु पतंगाला कणी आणि मांजा असतो. वाऱ्याचा जोर दोरी सोसते आणि चुकलेला तोल हात सावरतो. विमानाला दोरी नाही. रबराच्या पीळावर फिरणारा पंखा लावून ते एकदा हातातून सोडले, की त्याचे बरेवाईट त्याच्या पंखांच्या घडणीवर अवलंबून राहते. म्हणूनच पतंग तासाभरात तयार होतो, आणि विमानाला कागद चढविण्याचे काम दोन-तीन दिवस चालते. या कामाकडे पुष्कळांचे लक्ष केवळ सजावट म्हणून जाते. सांगाडा झाला, म्हणजे विमान झाले. आता वरून कागद लावला, की संपले, असा समज असतो. तो समज किती अपुरा आहे, हे पाहण्यासारखे आहे.

अशा विमानाचा सांगाडा बहुधा बाल्साच्या लाकडाचा असतो. बाल्सा हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण प्रदेशांत वाढणारा वृक्ष असून जगाला त्याचे लाकूड मुख्यत्वे इक्वेडोर देशाकडून मिळते. स्पॅनिश भाषेत बाल्सा या शब्दाचा अर्थच मुळी तराफा असा आहे. १९४७ साली थोर हेअरडाल आणि त्याचे पाच सोबती ज्या कॉन-टिकी नावाच्या तराफ्यावरून पेरूच्या किनाऱ्यापासून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवसांत गेले, तो तराफा याच झाडाच्या ओंडक्यांचा होता. सागवानाचा एक घनमीटर ठोकळा सुमारे साडेसहाशे किलोग्रॅम भरतो. बाल्साचा तेवढाच ठोकळा साधारणतः शंभर ते दोनशे किलोग्रॅमच्या आत राहतो. हे लाकूड ब्लेडने कापता येते, टाचणीने टोचता येते, आणि तरीही त्याच्या तंतूंच्या दिशेने ओढले असता वजनाच्या मानाने ते चांगलेच चिवट ठरते.

या लाकडाच्या पातळ पट्ट्यांपासून पंखाची पुढची कड, मागची कड, मधला आडवा दांडा आणि या तिघांना जोडणाऱ्या फासळ्या तयार होतात. फासळीचा आकार माशासारखा, पुढे गोलसर व मागे निमुळता. पंखाला वर उचलणारी शक्ती मिळते ती या आकारामुळे. आता असा उघडा पंख दोन्ही टोकांना धरून हलकेच पिळून पाहावा. तो कपडा पिळावा तसा सहज पिळला जातो. लाकूड मोडत नाही, सांधे निखळत नाहीत, परंतु सारा पंख लुळा भासतो. याच पंखाला कागद चढवून, तो ताणून, त्यावर लेप देऊन पुन्हा पिळून पाहिला, तर तो बोटांना दाद देत नाही. मध्यंतरी वाढलेले वजन किती? पंखाची लांबी ९० सेंटिमीटर व रुंदी १२ सेंटिमीटर धरली, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.२२ चौरस मीटर कागद लागतो. चौरस मीटरला १२ ग्रॅम भरणारा पातळ कागद घेतला, तर हिशेब अडीच ग्रॅमांच्या आसपास येतो. रुपयाच्या नाण्याहूनही हा भार कमी आहे. एवढ्याशा कागदाने जो ताठपणा दिला, तो लाकडाने द्यावयाचा म्हटला असता, तर सांगाडा कितीतरी जड करावा लागला असता आणि विमान जमिनीवरच राहिले असते.

यामागील कारण समजावयास फार मोठे गणित लागत नाही. चार कामट्या घेऊन त्यांचा चौकोन बांधावा आणि एका कोपऱ्याला बोटाने ढकलावे. चौकोन तत्काळ कलतो व शंकरपाळ्याचा आकार घेतो. कामट्या कितीही मजबूत असल्या, तरी कोपरे फिरतात. त्यांना अडविणारे कोणी नसते. आता त्याच चौकोनावर पतंगी कागद चिकटवून पुन्हा ढकलावे. चौकोन कलावयाचा, तर त्याचा एक कर्ण लांब व्हावयास हवा. पण त्या कर्णावर कागद आहे, आणि ताणलेला कागद लांब होण्यास तयार नसतो. कागद दाबला तर दुमडतो. ओढला तर मात्र आश्चर्य वाटावे इतका भार सोसतो. पंखाच्या दोन फासळ्यांमधील प्रत्येक खण हा असाच एक चौकोन होय. वर कागद, खाली कागद आणि भोवती लाकूड, अशी बंद पेटी झाली, की पंखाला पीळ पडणे कठीण होते.

राइट बंधूंना हे पुरते उमगलेले होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे जे विमान पहिल्या उड्डाणात १२ सेकंद हवेत राहिले, त्याच्या पंखांवर साधी सुती मलमल होती. ती त्यांनी पंखावर सरळ लावली नाही. तिचे ताणे व बाणे फासळ्यांशी तिरके येतील अशी कापून लावली. धागे कर्णाच्या दिशेने आल्यामुळे कापडच सांगाड्याचे तिरके ताण सोसू लागले. मढविण्याचे वस्त्र हा यंत्राचा भार वाहणारा अवयव आहे, ही जाणीव विमानविद्येच्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

आता हा कागद कोणता असावा, हा प्रश्न येतो. जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर हे गाव आहे. आज लोक त्याला विमानतळामुळे ओळखतात. त्याची जुनी ओळख मात्र रंगीत छापाच्या कापडाची आणि हातकागदाची. सोळाव्या शतकापासून तेथे कागझी घराण्यांनी हा व्यवसाय चालविला, आणि कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्थाही तेथेच आहे. महाराष्ट्रात जुन्नरच्या कागदाला एके काळी मोठा मान होता, आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याने तर आपला धंदा गावाच्या नावातच जपला आहे. हातकागद करणारा कारागीर लगद्यातून चाळणी उचलताना ती पुढेमागे आणि आडवीही हलवितो. त्यामुळे तंतू चोहो दिशांना विखुरतात. यंत्रावर मात्र चाळणी एकाच दिशेने धावत असल्यामुळे बहुतेक तंतू त्या दिशेने लोळतात. यालाच कागदाची धार किंवा रोख म्हणावयाचे. सांगानेरचा हातकागद जाड व भारी असल्याने विमानाला उपयोगी पडत नाही. पण कागद म्हणजे तंतूंची बैठक आहे, ही गोष्ट त्याच्याकडे पाहून जितकी स्पष्ट कळते, तितकी दुसऱ्या कशाने कळत नाही.

विमानासाठी नावाजलेला कागद जपानचा. लांब तंतूंच्या झुडपांच्या सालीपासून केलेला हा कागद अतिशय पातळ असूनही ओला झाल्यावर चटकन फाटत नाही. बाजारातील साधा रंगीत पतंगी कागद सरावासाठी चालतो. परंतु पुष्कळदा त्याचा रंग पाण्याने सुटतो आणि ओलेपणी तो हाताशी येत नाही, हे आधीच जाणून असावे. कागद कोणताही असो, त्याचा रोख प्रथम शोधावा लागतो. कोपऱ्याचा तुकडा हाताने फाडून पाहिला, की उत्तर मिळते. ज्या दिशेने तो सरळ रेषेत फाटतो, ती त्याच्या तंतूंची दिशा; आडवा फाडू गेल्यास तो वेडावाकडा जातो. पंखावर हा रोख पंखाच्या लांबीला अनुसरून ठेवावयाचा, आणि धडावर तो नाकापासून शेपटाकडे जावयाचा.

असे का, याचे उत्तर पाण्यापाशी आहे. कागदाचा तंतू पाणी पितो तेव्हा लांबीत फारच थोडा वाढतो, परंतु रुंदीत चांगला फुगतो. साहजिकच ओला कागद रोखाच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने अधिक आकसतो. मोकळा कागद आकसला, तर नुसता लहान होतो किंवा सुरकुततो. कडा चिकटविलेल्या कागदाला लहान होण्याची मुभा नसते. म्हणून तो ताणला जातो. पावसाळी हवेत तबल्याची पुडी उतरते आणि कोरड्या हवेत चढते, हे वादकाला सांगावे लागत नाही. विमानाच्या पंखावरचा कागद म्हणजे अशीच एक पुडी होय. रोख पंखाच्या लांबीत ठेवला, की मोठा ताण पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, म्हणजे फासळ्यांच्या दिशेने येतो; आणि तो सोसावयास फासळ्या समर्थ असतात. उलट केले, तर दोन फासळ्यांमध्ये कागद खोलगट बसतो आणि फासळीने दिलेला आकार बिघडतो.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ घासण्यापासून होतो. सांध्यांवर साचलेला गोंद, फासळीचे किंचित वर आलेले टोक, कडेवर राहिलेली कूस, ही सारी बारीक पॉलिश कागदाने घासून सपाट करावी. डोळ्यांपेक्षा बोटाच्या टोकावर येथे अधिक विसंबावे. पातळ कागद दोष झाकीत नाही; ताणला गेल्यावर तो त्यांची जाहिरातच करतो. त्यानंतर ज्या ज्या ठिकाणी कागद चिकटावयाचा, त्या कडांना पातळ डोपचे दोन-तीन हात द्यावे, आणि प्रत्येक हात वाळल्यावर पुन्हा हलकेच घासावे. डोप म्हणजे कापसासारख्या वनस्पतिज तंतूंवर रासायनिक प्रक्रिया करून, ते चटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवून केलेला लेप. डोप नसेल, तर पतंगवाल्यांप्रमाणे पिठाची पातळ खळ वापरूनही कागद चिकटविता येतो. मात्र खळीला दमट हवेत बुरशी आणि कसर यांचे भय असते.

पंखाची खालची बाजू प्रथम घ्यावी, कारण तिच्या कडा वरच्या कागदाखाली झाकल्या जातात. कागद सांगाड्यापेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा कापावा आणि कोरडाच वर पसरावा. कुंचला थिनरमध्ये बुडवून कागदावरूनच कडेवर फिरविला, की थिनर कागदातून पाझरून खालचा वाळलेला डोप मऊ करतो आणि कागद धरला जातो. धडाकडील टोक आणि बाहेरील टोक ही दोन्ही आधी चिकटवून कागद लांबीत सरळ करून घ्यावा. मग पुढची व मागची कड मध्यापासून बाहेर जात थोडी थोडी चिकटवावी. या वेळी कागद ओढावयाचा तो सुरकुती जाईल इतकाच. त्याला खरा ताण पुढे पाणी देणार आहे. हाताने तो देऊ पाहणाऱ्याचा कागद एका जागी ताठ व दुसऱ्या जागी ढिला राहतो, आणि हा असमानपणा पुढे कधीच जात नाही. पंखाची खालची बाजू आतल्या अंगाने वळलेली असेल, तर कागद प्रत्येक फासळीला खालून चिकटवावा लागतो. नाहीतर ताणाच्या वेळी तो फासळ्या सोडून सरळ रेषेत उभा राहतो.

पंखाचे गोलसर टोक ही या कामातील खरी परीक्षा. कागद एका दिशेने आनंदाने वळतो. एकाच वेळी दोन दिशांनी वळणे त्याच्या स्वभावात नाही. नारळ कागदात गुंडाळू पाहणाऱ्याला हा अनुभव येतोच. म्हणून टोकासाठी निराळा लहान तुकडा घ्यावा, तो किंचित ओलसर करून बसवावा, आणि कडेला बारीक चिरा देऊन एकावर एक निजवावा. शेवटी नव्या ब्लेडने जादा कागद कापून उरलेली अरुंद किनार कडेभोवती वळवून चिकटवावी. ब्लेड बोथट असले, तर कागद कापला न जाता ओरबाडला जातो.

यानंतर पाण्याचा फवारा. तो धुक्यासारखा बारीक असावा आणि वरची व खालची बाजू एकाच वेळी भिजावी. पाणी पडताच इतक्या कष्टाने बसविलेला कागद पोत्यासारखा लोंबू लागतो. नवख्याच्या मनाचा येथे थरकाप होतो, आणि तो कागद पुन्हा ओढू पाहतो. तसे मुळीच करू नये. पंख सपाट पाटावर ठेवून, खाली दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या देऊन टाचण्यांनी व हलक्या वजनांनी जखडावा आणि स्वस्थ राहावे. पाणी उडत जाते, तसतसा कागद वर उचलला जातो, आणि काही वेळाने सुरकुतीचा मागमूसही राहत नाही. पट्ट्या अशासाठी, की खालूनही वारा लागावा. उन्हात टाकलेला पापड एका अंगाने आधी वाळला, की वळतो. तीच गत पंखाची.

कागद वाळला, की मग पातळ डोप. निम्मा डोप व निम्मे थिनर असे मिश्रण करून दोन किंवा तीन हात द्यावे, आणि प्रत्येक वेळी पंख पुन्हा पाटावर जखडावा. डोप कागदाची छिद्रे बुजवितो, तंतूंना एकमेकांशी बांधतो आणि स्वतः वाळताना आकसून ताण वाढवितो. हा आकस आठवडे चालू राहतो. म्हणूनच आज सरळ दिसणारा पंख महिन्याभराने वाकडा झालेला आढळतो. त्यावर कारागिरांचा एक घरगुती तोडगा आहे: डोपमध्ये एरंडेलाचे काही थेंब. एरंडेल लेपाला थोडे लवचिक ठेवते आणि त्याची ओढ आवरते. राजस्थान व गुजरात या एरंडीच्या प्रांतांत ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. डोप ज्वालाग्राही असतो आणि त्याची वाफ डोक्यात चढते. तेव्हा हे काम उघड्या खिडकीशी, चुलीपासून व देवघरातील समईपासून दूर, आणि मुलांच्या बाबतीत मोठ्यांच्या देखतच व्हावयास हवे.

येथवर ताणाचे गुण गायिले. परंतु याच ताणात सारा धोकाही आहे. वरचा कागद पंखाला वर वाकवू पाहतो, खालचा खाली. दोन्ही ओढी सारख्या असल्या, तर रस्सीखेचीत दोन्ही पक्ष तुल्यबळ असावे तसा पंख मधोमध स्थिर राहतो. एका बाजूला डोपचा एक हात अधिक बसला, एक बाजू आधी वाळली, किंवा मागची कड नको इतकी पातळ घासली गेली, की पंख पिळतो. उजवा पंख अंशभर जरी पिळला, तरी त्याला डाव्यापेक्षा अधिक उचल मिळते आणि विमान हातातून सुटताच गिरकी घेऊन जमिनीवर येते. महिनाभराची मेहनत अशी दोन सेकंदांत संपते. आणि मोडले काय, याचा शोध घेणाऱ्याला सांगाड्यात कोणताच दोष सापडत नाही, कारण दोष ओढीत असतो.

पीळ पडलाच, तर तो काढण्याचीही युक्ती आहे. किटलीच्या वाफेवर पंख क्षणभर धरून उलट्या दिशेने हलकेच पिळावा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवावा. वाफेने मऊ झालेला लेप नवा आकार धरतो. जाणकार मंडळी तर हाच पीळ मुद्दाम कामाला लावतात. पंख वाळत असताना दोन्ही बाहेरील टोकांच्या मागच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी ठेवली, की टोके किंचित कमी कोनात राहतात. वेग मंदावला असता अशा पंखाचा मधला भाग आधी उचल सोडतो आणि टोके तोल सांभाळतात. विमान एका अंगावर कोसळत नाही. शत्रू म्हणून ज्याची धास्ती घ्यावयाची, तोच मापात ठेवला तर पहारेकरी होतो.

माप ठेवण्याच्या या कामात हवामानाचा वाटा मोठा आहे, आणि जयपूरचे हवामान दोन टोकांचे आहे. मे महिन्यात येथील हवा इतकी कोरडी असते, की कुंचल्यावरचा डोप कागदापर्यंत पोहोचण्याआधीच घट्ट होऊ लागतो. जुलै-ऑगस्टमधील दमट दिवसांत उलट अडचण येते: थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतील ओल त्यावर बसते आणि लेप दुधासारखा पांढरा पडून दुबळा होतो. दमट दिवसांत जेमतेम ताठ दिसेल असा मढविलेला पंख पुढच्या उन्हाळ्यात एवढा आकसतो, की सांगाडा धनुष्यासारखा वाकतो. जयपुरात ताठ असलेला पंख मुंबईच्या खाऱ्या, ओल्या हवेत नेला, तर तो सैल पडल्यासारखा वाटतो. परतल्यावर पुन्हा चढतो. यासाठी कागद चढविण्याचे काम ऑक्टोबर ते मार्च या काळात, सकाळचे दव ओसरल्यावर करावे, आणि विमान ज्या गावी उडवावयाचे, तेथील हवेचा विचार आधीच करून ठेवावा. संक्रांतीच्या सुमारास कामाला हवा उत्तम लाभते. उडविण्यासाठी मात्र पतंगांचा मोसम सरेपर्यंत थांबणे शहाणपणाचे, कारण झाडांवर व तारांवर अडकलेला मांजा पातळ कागदाला ब्लेडसारखाच कापतो.

हा सारा खटाटोप खेळण्यापुरताच आहे, असे कोणास वाटल्यास त्याने मोठ्या विमानांचा इतिहास पाहावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावी १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात भारतीय बनावटीच्या विमानांचा पाया घातला. तेथे तयार झालेले पुष्पक हे दोन आसनांचे विमान १९५८ साली प्रथम उडाले आणि देशातील उड्डाण क्लबांतून अनेक तरुणांनी त्यावर पहिले धडे घेतले. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि त्यावर कापड मढविलेले होते. अशा विमानांचे कापड फासळ्यांना मेणदोऱ्याने शिवतात, त्यावर डोपचे हात देतात, आणि उन्हाने धागा कुजू नये म्हणून शेवटी ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला रुपेरी लेप देतात. पद्धत तीच, कुंचला तेवढा मोठा.

दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो हे विमान तर बाल्साचेच नातलग होते. १९४० साली प्रथम उडालेल्या या विमानाच्या धडाची भिंत बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केलेली होती, आणि तीवर मादापोलम नावाचे सुती कापड डोपने चिकटविलेले असे. हे नाव आंध्रातील नरसापूरजवळच्या एका गावावरून पडलेले आहे. हीच विमाने भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली, तेव्हा १९४४ साली काहींच्या पंखांवरील लाकडी कातडी सांध्यांपासून सुटली आणि अपघात झाले. जोडणीतील उणिवा आणि येथील ऊन-पावसाचा मारा, या दोहोंची चौकशी करावी लागली. कातडीला केवळ आवरण समजता येत नाही, हे तेथे माणसांच्या प्राणांचे मोल देऊन कळले.

आज मुलांच्या हाती येणारी विमाने बहुधा फेसासारख्या हलक्या प्लॅस्टिकची, साच्यातून तयार होऊन आलेली असतात. ज्यांना सांगाडा बांधण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी इस्त्रीने चिकटणारे व उष्णतेने आकसणारे प्लॅस्टिकचे पापुद्रे निघाले आहेत. त्यांना पाणी लागत नाही, डोप लागत नाही, आणि काम तासाभरात उरकते. ते दिसतातही चकचकीत. परंतु डोप दिलेला कागद पंखाला जो ताठपणा देतो, तो त्यांच्याकडून मिळत नाही. त्यामुळे सांगाडाच अधिक मजबूत, म्हणजे अधिक जड करावा लागतो. सोय झाली, आणि तिची किंमत वजनाने भरावी लागली. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करण्याला अजूनही स्थान आहे, ही समाधानाची गोष्ट होय. कारण विमान का उडते, हे पुस्तकातून कळते, पण ते का पडते, हे बहुधा हातानेच कळते.

१८७८ साली मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांना एक उडते खेळणे आणून दिले. फ्रान्समधील आल्फोन्स पेनो याच्या कल्पनेवरून तयार झालेले ते खेळणे बांबू, बूच आणि कागद यांचे होते, आणि त्याला रबराचा पीळ होता. ते लौकरच मोडले. मुलांनी दुसरे केले. पुढील पंचवीस वर्षांत त्या घरातून काय निघाले, हे जगाला ठाऊक आहे. सिव्हिल लाइन्समधील एखाद्या व्हरांड्यात कागद चढविणाऱ्या प्रत्येक मुलाकडून असे काही घडेल, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु अडीच ग्रॅम कागद कसा भार उचलतो, तो कोठे हट्ट धरतो आणि किती ओढ दिली असता सांगाडा सरळ राहतो, याचा हिशेब ज्याने एकदा स्वतःच्या बोटांनी केला, त्याला पुढे पुलाचा, घराचा किंवा यंत्राचा आराखडा पाहताना नुसते खांब आणि तुळया दिसणार नाहीत. त्यांच्यामधील ताण दिसेल. वाळलेल्या पंखावर नखाने हलकी टिचकी मारावी. आवाज डाव्या व उजव्या पंखात एकाच सुराचा आला, म्हणजे काम नीट झाले असे समजावे; दोन सूर आले, तर विमान हातातून सोडण्यापूर्वी किटली पुन्हा चुलीवर चढवावी.